स्टार्टअपमधले रिकामटेकडे

कॉम्प्युटरचं बटण दाबून इन्स्पेक्टरसाहेब आंघोळीला गेले. आंघोळ करून, कपडे बदलून, चहा पिऊन परत आले, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतच होतं. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी हयात त्यांनी कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात घालवली होती. साहेबांनी नुसती नकारार्थी मान हलवली की अख्खा कारखाना बंद व्हायचा. आणि हे टीचभर यंत्र त्यांना ताटकळत ठेवत होतं!

"होईल हो सुरू," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढी कसली घाई आहे?"

"प्रश्न घाईचा नाही, शिस्तीचा आहे!"

शेवटी एकदाचा पडदा उजळला आणि साहेबांचा संताप दुप्पट झाला. भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम "प्रिंटर सापडत नाही" म्हणून गळा काढत होता. कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे आयकॉन कोरे चेहरे करून ठाण मांडून बसले होते. त्यांच्यावर क्लिक केलं, तर आपली फाइल कुठे गेली हे ते उलट साहेबांनाच विचारत. आणि कोपऱ्यातून रोजच्यासारखी एक चौकट टुणकन वर आली: "ताठ बसा!"

"मला सांगतोस?" साहेब कडाडले. हा आगाऊ प्रोग्रॅम कुठून आला होता, देव जाणे. त्यांनी तो तीनदा काढला होता आणि तिन्ही वेळा तो निर्लज्जासारखा परत आला होता.

आज लेक-जावई जेवायला यायचे होते. एरवी कॉम्प्युटरची तक्रार जावयाकडेच गेली असती; पण जावयाशी कॉम्प्युटरचा विषय काढायची सोय उरली नव्हती. त्याने कायमची नोकरी सोडून मित्रांबरोबर स्टार्टअप नावाचं काहीतरी सुरू केलं होतं. ते ऐकून साहेबांनी असं काही व्याख्यान झोडलं, की लेकीने बजावलं, "बाबा, ह्याच्या स्टार्टअपबद्दल पुन्हा एक अक्षर काढलंत ना, तर मी या घराची पायरी चढणार नाही." एकुलती एक लेक, आणि शब्दाची पक्की. साहेबांनी तोंडाला जे कुलूप घातलं, ते जावई बनवतो तरी काय, हे विचारण्यापुरतंही कधी उघडलं नाही.

म्हणून त्यांनी कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारालाच फोन लावला. बॉयलरच्या धडधडाटात कान गेल्यामुळे साहेबांचं फोनवरचं बोलणं पार जिन्यापर्यंत ऐकू जाई.

"काय? स्टार्टअपमध्ये बघू? बघितलं! सगळे रिकामटेकडे भरलेत! एकाचा काडीचा उपयोग नाही!"

नेमकी त्याच वेळी लेक आणि जावई दाराबाहेर चपला काढत होती.

"बंद करू? अहो, आनंदाने करतो! कुणी कितीही गळा काढला तरी मला पर्वा नाही. कुणी बोलावलं होतं यांना? नुसतं बंद नाही, मागे नाव-निशाणीसुद्धा ठेवत नाही!"

दार धाडकन उघडलं. "बाबा!" लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. मागे जावई एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा होता.

"काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारताय? कुणाला सांगत होतात हे? चल रे, निघू या आपण."

काय घोटाळा झालाय ते कळल्यावर साहेब आणखीच भडकले. "अगं, मी माझ्या कॉम्प्युटरबद्दल बोलतोय! या, दोघंही या. हे बघा, काय लिहिलंय इथे? स्टार्टअप! कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की हे सगळे आपणहून धावत सुटतात. पटलं?"

लेकीने वाचलं. तिचा चेहरा निवळला, आणि साहेब तिथे थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण न्याय आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर त्यांना कोण थांबवणार?

"आणि या सगळ्यांत नीच कोण, तर हा! 'ताठ'! तीनदा काढला, तीनदा परत आला. कुठल्या गाढवाने बनवलाय कोण जाणे!"

जावयाने हातातली चप्पल हळूच खाली ठेवली. "बाबा, तो आम्ही बनवलाय. तुमची पाठ दुखते ना, म्हणून मागच्या वेळी मीच घातला होता."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक दाराकडे वळली.

"एक मिनिट," जावई म्हणाला. "काढल्यावर परत येतो? आणि आयकॉन?"

"तोही मागे राहतो," साहेब पुटपुटले.

"बाबा, पुरे!" लेक ओरडली.

"तू थांब गं जरा, बोलू दे त्यांना!" जावयाने खुर्ची ओढली. "लोक तो काढून का टाकतात, हेच आम्हाला कळत नाहीये. ज्याला विचारावं तो छान आहे म्हणतो. बाबा, तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून."

इतक्या दिवसांचं कुलूप निघालं. जेवण होऊन हात वाळले तरी साहेब बोलतच होते, आणि जावई ऐकत होता. निघताना तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात अधूनमधून याल का? तपासणीला?" साहेबांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे हजर झाले.

पुढे एका सकाळी बहिणीने पाठवलेले फोटो बघायला पत्नी कॉम्प्युटरसमोर बसली. चक्र गरगरत राहिलं.

"अहो, हे अजून तसंच? तो मेला ताठवाला काढून टाका ना आधी!"

"खबरदार हात लावशील तर!" साहेब आतून गरजत आले. "आमचा प्रॉडक्ट आहे तो! हल्ली लोकांना जरा म्हणून दम धरवत नाही!"