उजवी पाकळी

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतले बापू परब मासळीसुद्धा देवाला विचारून घेतात.

त्यांच्या फळीवर गावाहून आणलेला एक काळा, गुळगुळीत दगड आहे. त्याला डावीउजवीकडे एकेक ओली पाकळी चिकटवायची, दोन बाजूंना दोन गोष्टी नेमायच्या आणि वाट बघायची. आधी पडेल ती देवाची आज्ञा. हा कौल. कोकणात तो लग्नकार्यासाठी लावतात, बापू बोंबील की बांगडा यासाठी. कोळीण दारात टोपली टेकून बसते. "काय ओ बापू, देव जेवायला गेला काय?" बापू म्हणतात, "घाई नाय. देवाक इचार करूक नको?" पुनर्विकासाच्या कागदांवर बापूंची सोडून सगळ्या चाळीच्या सह्या झाल्या, तेव्हा बिल्डरचा माणूस त्या दगडासमोर चहावर चहा पीत बसला होता. जाताना त्यानेही हळूच मुलीच्या स्थळाचं विचारून घेतलं.

बापू एकटे. संध्याकाळी माझी मुलगी स्वरा गॅलरीत बसून त्यांना इंग्रजी पेपर वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत. ऊन कठड्यावरून उतरत जाई, वाळत घातलेले कपडे हलत राहत आणि चाळ थोडा वेळ पाण्यावर तरंगते आहे असं वाटे. "माका काय कळना नाय गो," बापू म्हणत, "पण बरा वाटता."

स्वराला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. दादरचं साधं कॉलेज, फी बेताची. आणि बंगळूरचं एक नामांकित विद्यापीठ, ज्याची फी ऐकून मी उठून पंखा लावला. मास्तरणीची डिग्री कुठली, हे पोरं विचारत नाहीत, नुसत्या नावाचे एवढे पैसे कशाला, असं मी रोज म्हणायचो. तिथे शिकवायला शिकवतात बाबा, ती म्हणायची, आणि मग खर्चाच्या विचाराने विषय बदलायची.

आता लिहूनच टाकतो. पैसे होते. बायको गेल्यावर विम्याचे आलेले, स्वराच्या शिक्षणासाठीच ठेवलेले. मला भीती रिकाम्या खोलीची होती. ते मुलीला सांगवेना, म्हणून फीवर ढकललं.

शेवटी स्वराच म्हणाली, बापूंना विचारू. आदल्या दुपारी मी बापूंना गाठलं. दादरची पाकळी पडेल असं बघा, म्हटलं. तिच्या वाचनाशिवाय तुमचं तरी कसं होणार? बापूंनी दगडावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "बघतंय."

दुसऱ्या दिवशी डावीकडे दादर, उजवीकडे बंगळूर. उदबत्तीचा धूर, दुपारची पेंग. उजवी पाकळी पडली. स्वरा बापूंच्या पाया पडली आणि मैत्रिणीला सांगायला धावली.

मी डावी पाकळी ओढली. निघेना. नखाने खरवडली, तर खाली फणसाचा चीक.

"बापू, देवाला फसवलंत?"

"देवाचा मी बघून घेतंय," ते म्हणाले. "चेडवाक जावंदे."

स्वरा गेली. त्यानंतर बापूंनी कौल लावलेला नाही. आता देवाला कुठल्या तोंडाने विचारू, म्हणतात. कोळीण देईल ती मासळी घेतात. संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसून इंग्रजी पेपर वाचतो. माझे उच्चार वाईट. बापू डोळे मिटून ऐकतात, पण "बरा वाटता" अजून म्हणालेले नाहीत.