भरलेल्या किटलीचा दावा

गडमुडशिंगीच्या तेजस्वीला डोंगरावरून सायकल चालवण्याची परवानगी होती. पडण्याची नव्हती.

चंदगडच्या डोंगरात सायकलींची शर्यत भरणार होती. मुलींतल्या पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा मिळणार होती, आणि तेजस्वी त्या तिघींत बसेल असे तिचा सराव बघणारे सगळेच म्हणत. मात्र आयोजकांचा एक नियम होता. स्पर्धकाने स्वतःच्या जबाबदारीवर पडावे आणि त्या जबाबदारीचा विमा अर्जाला जोडावा. वळणावर बघत उभे राहणाऱ्यांना विम्याची अट नव्हती, जरी सायकलस्वार पडत ते बहुतेक त्यांच्याच अंगावर.

तिचे आजोबा गणपतराव यांना हा नियम पटला. मागच्या साली सरावात तेजस्वीचे मनगट मोडले, तेव्हा गोठ्यातली एक म्हैस दवाखान्याच्या वाटेने गेली ती परत आली नाही. आता गोठ्यात दोनच म्हशी उरल्या होत्या, आणि पोरीच्या अंगात हाडे बरीच होती.

"आदी इमा काढ," ते म्हणाले. "मग खुशाल गडगडत जा."

उदयसिंह हे विमा प्रतिनिधी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहत. आसपासच्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला ते हजर असत. लग्नात ते जोडप्याकडे बघत आणि मयतात उरलेल्यांकडे.

"काका, न्हाणीत घसरली तर हाय," ते म्हणाले. "जिन्यावरनं आली तर हाय. झोपेत खाटंवरनं पडली तरी बसवतो. डोंगराचं तेवढं इचाराय लागंल."

विचारायला तिघे कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथे शिवलीला मॅडम अधिकारी होत्या. जोखीम ओळखणे हे त्यांचे काम होते, आणि दारातून आत येणारा प्रत्येक माणूस त्यांना जोखीमच दिसत असे.

"डोंगरावर सायकल चालवणं धोक्याचं आहे," त्या म्हणाल्या. "धोक्याला आमचं संरक्षण नाही."

"मग कशाला हाय?" गणपतरावांनी विचारले.

"बाकी सगळ्याला आहे. रस्त्यावर पडली तर जरूर मिळेल."

"आमच्या गावच्या रस्त्यापरास डोंगर सपाट हाय, मॅडम."

"असेल. पण तो रस्ता आहे."

"कशावरनं?"

"कागदावर आहे."

कागदावरचा रस्ता गणपतरावांच्या दारावरून गेला होता, आणि गावाने तो अजून पाहिला नव्हता.

"पोरगी हेल्मेट घालती," उदयसिंह मध्ये पडले. "गुडघ्याला, कोपराला गाद्या बांधती. लई जपती."

मॅडमनी लिहिता लिहिता हात थांबवला. "म्हणजे आपण पडणार हे तिला आधीच माहीत आहे?"

"मग न्हाय घालत," तेजस्वी म्हणाली.

"तो निष्काळजीपणा झाला."

तिघे बाहेर येऊन चहाच्या गाड्यावर उभे राहिले. तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण तिने ते चहाच्या वाफेवर ढकलले. उदयसिंह बराच वेळ तिच्या सायकलीकडे बघत होते.

"काका, घरचा धंदा काय तुमचा?"

"म्हशी. दूध घालतोय आम्ही. तुम्ही दर दिवाळीला बासुंदी खाऊन जाताय न्हवं?"

"आणि दूध कशावरनं घालताय?"

"सायकलीवरनं."

उदयसिंहांनी चहा अर्धा टाकला. विमा प्रतिनिधी चहा अर्धा टाकतो तेव्हा त्याला काहीतरी फार मोठे सुचलेले असते.

पंधरवड्यात कागद तयार झाला. तेजस्वीचा व्यवसाय घरोघरी दूध घालणे, वाहन सायकल. दूध घालताना जिल्ह्यात कुठेही पडल्यास संपूर्ण संरक्षण. शिवलीला मॅडमना एकच शंका आली.

"दूध घालायला डोंगरावर का जायचं?"

"गिऱ्हाईक तितं ऱ्हातंय की," उदयसिंह म्हणाले.

"ठीक आहे. पण अपघाताच्या वेळी सायकलीला किटली हवी. किटली नसेल तर तो खेळ. किटली असेल तर तो व्यवसाय."

अशा रीतीने तेजस्वीच्या शर्यतीच्या सायकलीला मागच्या बाजूने दुधाची किटली लागली. सायकल परदेशी बनावटीची होती आणि किटली कापशीच्या बाजारातली. दोघींचे एकमेकींशी पहिल्या दिवसापासून पटले नाही.

निघायच्या संध्याकाळी तेजस्वीची आजी अंगणात आली. तिला घरात सगळे आक्का म्हणत, गणपतरावसुद्धा. तिने किटलीचे झाकण काढून आत पाहिले.

"ही मोकळीच चालवलीस व्हय गं?"

"आक्का, नुसती दाखवायला हाय ती."

"या घरातनं मोकळं भांडं कधी भाइर गेलं न्हाय. माझ्या सासूनं न्हाय धाडलं, मी न्हाय धाडणार. शेजारणीची वाटी परत करताना बी चिमूटभर साखर घालतोय आपण. आणि तू एवढी किटली मोकळी घेऊन परमुलखात जाणार? काय म्हणतील तितली माणसं?"

तेजस्वीने वजनाचे, चढाचे, चाकाचे सगळे सांगून पाहिले. आक्कांनी ते ऐकत ऐकत किटली भरली. एवढ्या लांब दूध नासेल म्हणून वर चमचाभर ताकही घातले. चंदगडच्या रात्रीच्या एसटीत त्या दुधाचे शांतपणे दही झाले.

शर्यतीच्या ठिकाणी तेजस्वीला दुसरा धक्का बसला. सगळ्यांच्याच सायकलींना किटल्या होत्या. उदयसिंहांना सुचलेली गोष्ट एका घरापुरती ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. संगणकावर काम करणारे, दातांचे डॉक्टर, एक निवृत्त प्राचार्य, सगळे त्या दिवशी कागदोपत्री गवळी होते. तेजस्वीच्या शेजारी कोल्हापूरची शांभवी उभी होती. बंगल्यांचे नकाशे काढणारी ही मुलगी म्हशीला लांबूनही घाबरत असे. तिच्या किटलीवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

"किती लिटर?" तिने तेजस्वीची किटली हलत नाही हे बघून विचारले.

"भरून हाय."

"भरलीस? खरंच?" शांभवी मोठ्याने हसली. "अगं, वेडी का काय तू?"

शिट्टी झाली आणि सगळा दूधवाल्यांचा जथा डोंगराला लागला. रिकाम्या किटल्यांच्या खडखडाटाने रानातले मोर उडाले. तेजस्वीची किटली मात्र खडखडली नाही. तिच्यातून चढावर डुबुक डुबुक आणि उतारावर घुसळल्यासारखा आवाज येत राहिला. एवढे वजन ओढून ती शेवटच्या उताराला मुलींत तिसरी होती. चौथी शांभवी होती.

त्या उताराच्या तळाशी चंदगडच्या धोंडुबाई पातेले घेऊन वाटेत उभ्या होत्या. सकाळपासून इतके दूधवाले दारावरून गेले आणि एकही थांबला नाही, याचा त्यांना राग आला होता.

"ए पोरी! थांब की! लिटरभर घालून जा!"

तेजस्वीने धोंडुबाईंना वाचवायला सायकल वळवली आणि दगडावर आदळली. मागून शांभवी तिच्यावर आदळली. दोघींचेही खांद्याजवळचे, हासळीचे हाड मोडले. धोंडुबाईंना काहीही झाले नाही. त्यांनी दोघींना पाणी पाजले आणि दूध कुठल्या डेअरीचे म्हणून चौकशी केली. पहिल्या तिघींत तिसरी भलतीच कुणी गेली.

दोन्ही दावे शिवलीला मॅडमच्या टेबलावर एकाच दिवशी आले. गणपतराव आणि आक्का पुरावा म्हणून किटली घेऊन आले होते. मॅडमनी झाकण काढले, वास घेतला, आणि चमचा मागवला.

"हे दूध नाही."

"व्हय, लोणी हाय," आक्का कौतुकाने म्हणाल्या. "काय गोळा आलाय बघा! चाखा की."

मॅडमनी चाखले. मग त्यांनी चष्मा लावला.

"आमचं संरक्षण दूध घालण्याला आहे. अर्जदार सायकल चालवताना लोणी काढत होती. तो प्रक्रिया उद्योग झाला. त्याचा विमा वेगळा, परवाना वेगळा."

"तिनं न्हाय काढलं, मॅडम," गणपतराव म्हणाले. "डोंगरानं काढलं."

"डोंगर आमचा ग्राहक नाही. आणि दुसरं, वाटेत ग्राहक उभा असताना दूधवाली थांबते. तुमची नात वळली."

"म्हातारीला उडवायची व्हती काय?"

"तसं केलं असतं तर त्याचं कलम आहे," मॅडम म्हणाल्या. "ते पूर्ण लागू झालं असतं."

शांभवीचा दावा मात्र विनातक्रार मंजूर झाला. तिची किटली आतून कोरडी ठणठणीत होती. याचा अर्थ तिने सर्व दूध वेळेत घालून संपवले होते. कंपनीने तिच्या कामसूपणाबद्दल दोन ओळी वेगळ्या लिहिल्या.

आक्कांनी हे दोनदा समजावून घेतले.

"म्हंजी मोकळ्या भांड्याला भरपाई, आणि भरल्या भांड्याला न्हाय?"

"भरलेलं भांडं म्हणजे काम बाकी आहे, आजी."

लोण्याचा गोळा पुरावा म्हणून कार्यालयातच ठेवून घेण्यात आला. दुपारच्या डब्यांबरोबर त्याची तपासणी पूर्ण झाली.

हाड बसवायला दुभती म्हैस गेली. गोठ्यात एक भाकड तेवढी राहिली. तेजस्वी हात गळ्यात बांधून ओट्यावर बसे आणि पुढच्या सालच्या शर्यतीची तारीख कधी लागते एवढेच विचारी.

काही दिवसांनी उदयसिंह आले. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण बगलेत नवा अर्ज होता.

"काका, झालं गेलं. पुढच्या सालासाठनं आत्ताच काढून ठिवूया. फकस्त एक अडचण हाय." त्यांनी हळूच आक्कांकडे पाहिले. "किटली..."

आक्का उठल्या. त्यांनी किटली घासली, पुसली आणि खुंटीला पालथी टांगली.

"न्या मोकळी," त्या म्हणाल्या. "भरायला हाय काय आता?"

उदयसिंहांनी समाधानाने अर्ज उघडला. कंपनीच्या दृष्टीने हे घर आता पूर्णपणे पात्र झाले होते.

ही हकिकत ज्याला ज्याला सांगितली, तो हळहळला. त्याने कंपनीला शिव्या घातल्या, शांभवीला नावे ठेवली, आणि खऱ्याची दुनिया राहिली न्हाय म्हणून मान हलवली. मग उठता उठता, दारात चप्पल शोधल्यासारखे करत, त्याने आवाज खाली आणून उदयसिंहांचा पत्ता विचारला.

तुम्हीही विचारणारच होता, तर संकोच नको. मंगळवार पेठेत कुणीही घर दाखवेल. जाताना किटली तेवढी आतून कोरडी असू द्या.