कंबरेचा सर्व्हे

गुडघे न वाकवता मी पुढे झुकले, की माझ्या मधल्या बोटाचं टोक जमिनीपासून एकतीस सेंटिमीटरवर थांबतं. सकाळी सहाला हे अंतर चौतीस असतं आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर तीस. आठवीच्या वर्गावर लागोपाठ दोन तास उभी राहिले, तर मोजायची सोयच उरत नाही. मापं शाळेच्या लाकडी मीटरपट्टीनं घेतलेली आहेत. दीड वर्षाच्या नोंदी माझ्याकडे आलेख कागदावर आहेत. आलेख देखणा आहे. कंबर तशी राहिलेली नाही.

मी अणदूरला शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या कंबरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या, पट्टा, व्यायाम असं सगळं क्रमानं करून पाहिलं. मग माझ्या डाव्या पायाचा अंगठा बधिर व्हायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "आता मणक्याशेजारी, त्या नसेपाशीच इंजेक्शन देऊन बघू. आराम पडला तर ऑपरेशन टळेल. पण बधिरपणा वर चढायच्या आत ठरवा. मी दर सोमवारी करतो. आदल्या दिवशी नुसतं कळवा."

हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी म्हणाले, "कळवते."

घरात दोन मतं होती. माझ्या सासूबाई शिवम्मा, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, त्यांचं मत कानडीत होतं. "सूजी बेडा." म्हणजे सुई नको. याचं कारण मात्र त्या मराठीत देत. "पाठीच्या कण्यात सुई म्हंजे भरल्या विहिरीच्या काठाला सुरुंग. पाणी लागलं तर लागलं, न्हाईतर विहीरच बुजायची."

माझे यजमान उमाशंकर पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात. त्यांचं म्हणणं असं, "मोटार असती तर खोलून बघितली असती. माणसाचं मला कळत न्हाई. तू म्हणशील तसं."

मी म्हणेन तसं, हेच तर अडलं होतं.

शेवटी मी ठरवलं, की हा निर्णय भीतीवर घ्यायचा नाही आणि ऐकीव गोष्टींवर तर नाहीच. पुराव्यावर घ्यायचा. गावात हे इंजेक्शन घेतलेली माणसं असणारच. त्यांना एकसारखे प्रश्न विचारायचे, उत्तरं मांडायची, निष्कर्ष काढायचा. वीस वर्षं मी मुलांना हेच शिकवते आहे. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

मी बारा प्रश्नांचा तक्ता तयार केला. वर शीर्षक दिलं : 'कंबरदुखी : माहिती संकलन'. अनुक्रमांक, नाव, वय, किती वर्षं दुखतं, दहापैकी किती दुखतं, बोट ते जमीन अंतर. सगळ्यात खाली, नोंद अधिकृत असावी म्हणून, 'सही किंवा अंगठा'.

ती ओळ मी लिहायला नको होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा गुंडप्पांकडे गेले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी आठ महिन्यांपूर्वी इंजेक्शन घेतलं होतं.

"दहापैकी किती दुखत होतं?" मी विचारलं.

"बारा."

"दहाच्या वर जाता येत नाही, काका."

"मग तुमचं माप बारकं हाय, बाई. बदला."

मी दहा लिहिलं आणि समासात 'बारा' असा शेरा मारला. "आता इंजेक्शनचं सांगा. नक्की काय झालं?"

"पालथं निजवलं. वर एक्स-रेची कमान. आधी बधिर करायची बारकी सुई. ती चावली. मग मोठी. ती दुखली न्हाय, पर गिअर अडकल्यावर दांड्याला हिसका बसतो का न्हाय, तसा एक हिसका पायात गेला. मग चार तास पाय दुसऱ्याचा असल्यागत. साखर आठवडाभर वाढली. तिसऱ्या दिवशी उठून बघतो तर दुखणं निम्म्याच्या बी खाली."

इतकं नेमकं वर्णन माझ्या हाताखालच्या एकाही मुलानं प्रयोगवहीत लिहिलेलं नाही. मला फार आनंद झाला. मी तक्ता पुढे केला. "इथं सही."

गुंडप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग आत जाऊन चष्मा आणला, सही केली, पुन्हा आत गेले आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आले.

"ही बी लावा."

"याची गरज नाही."

"लावा, लावा. मागनं पळापळ नको."

माणूस एवढ्या आपुलकीनं देतो आहे तर नाही कशाला म्हणा, असा विचार करून मी ती टाचणीनं जोडली. त्या वेळी माझ्या लक्षात एक गोष्ट आली नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच पिशवीतून मी मतदार याद्या घेऊन याच गल्लीत फिरले होते. त्याआधी जनावरांची मोजणी, त्याआधी शौचालयं, त्याआधी कुणाच्या घरात किती शिकलेले. आमच्याकडे मास्तर किंवा बाई वही घेऊन दारात आली, की शिक्षण आलं असं कुणी समजत नाही. सरकार आलं असं समजतात.

संध्याकाळपर्यंत सहा तक्ते भरले. त्यांतल्या चौघांनी इंजेक्शन खरोखर घेतलं होतं. तिघांना आराम होता. चौथ्याला काही फरक पडला नव्हता, पण वाईटही झालं नव्हतं. मी आलेख काढायला बसले, तेवढ्यात कडूबाई दारात. पंचावन्नच्या आसपासच्या, आयुष्य खुरपणीत गेलेल्या.

"बाई, आमच्या गल्लीत कवा येताय?"

स्वतःहून आलेली माहिती मला कधीच मिळत नाही. मी लगेच पेन काढलं. "तुम्ही इंजेक्शन घेतलंय?"

"घेतलं न्हाय. पर घ्यावंच लागत असंल तर घीन."

मी लिहिलं : 'घेतलेले नाही. तयारी आहे.' कडूबाईंनी अंगठा दिला, फोटो दिला आणि जाताना हळूच विचारलं, "पहिल्या यादीत नाव येईल न्हवं?"

येईल, असं मी म्हणाले. यादी माझीच होती.

रविवारी सकाळी सातला अव्वांनी मला हलवून उठवलं. "राजेश्वरी, अंगणात चाळीसेक माणूस हाय. तुला काय झालंबिलं तर न्हाई ना, म्हणून आधी आत बघायला आले."

मी खिडकीतून पाहिलं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. काही जण पायरीपाशी येईपर्यंत ताठ चालत होते आणि पायरी दिसताच लंगडत होते. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं माझा तक्ता कुठून तरी मिळवून त्याच्या प्रती काढल्या होत्या. त्या माझ्या मूळ तक्त्यापेक्षा स्वच्छ आल्या होत्या.

मी बाहेर जाऊन शांतपणे सांगितलं, "ही कुठलीही योजना नाही."

"पहिल्यांदा असंच म्हणत्यात," मागून एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मी फक्त माहिती गोळा करतेय."

"आमची बी गोळा करा की मग. आमी काय कंबरेशिवाय हिंडतो व्हय?"

मुद्दा बरोबर होता. शिवाय, खरं सांगते, मला कुतूहल होतं. चाळीस कंबरा रांगेत उभ्या होत्या. असा नमुना पुन्हा मिळाला नसता. मी मीटरपट्टी घेऊन आले.

तिथून माझ्या प्रयोगाचं शास्त्र संपलं. अंतर जितकं जास्त तितकं मंजुरीला सोपं, असं रांगेत आपोआप ठरलं होतं. चाळीस सेंटिमीटर, पंचावन्न, साठ. एका गृहस्थाचे हात गुडघ्यांच्याही वर थांबले. त्यांना पाच मिनिटांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडी मारून उतरताना मी स्वतः पाहिलं होतं.

"अजून वाका," मी म्हणाले.

"वाकलो तर नापास कराल."

त्यांच्या मागच्यानं विचारलं, "मंडळी पुण्याला लेकीकडं हायत. त्यांची कंबर फोनवर लिहून घेता का?" आणि त्याच्याही मागून आवाज आला, "म्हशीची चालंल का? ती तर उठतच न्हाई."

अव्वा चहाचं दुसरं पातेलं ठेवत होत्या. उमाशंकर दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "खुर्च्या आणू का भाड्यानं?"

तेवढ्यात महांतप्पा आले. निवृत्त तलाठी, खिशाला दोन पेनं. मला हायसं वाटलं. कागदपत्रं कळणारा एक तरी माणूस.

"जीआर दाखवा," ते म्हणाले.

"जीआर नाही."

"म्हंजे अजून वरनं आला न्हाई." ते रांगेकडे वळले. "जीआर यायचाय. तवर फॉर्म भरून ठेवा. पोच घेतल्याशिवाय कुणी हलू नका."

रांग आणखी घट्ट झाली. मी पहिल्यांदाच आवाज चढवला, म्हणजे वर्गात मागच्या बाकाला ऐकू जाईल इतका. "महांतप्पा, योजना नाही. अनुदान नाही. कुणालाही काही मिळणार नाही."

कडूबाई पुढे आल्या. "मग हे कशासाठी मांडलंय, बाई?"

"अभ्यासासाठी."

"कुणाच्या?"

मी अव्वांकडे पाहिलं. त्यांच्या हातात चहाची गाळणी होती. "माझ्या कंबरेच्या," मी म्हणाले.

मला वाटलं, लोक चिडतील. कुणीच चिडलं नाही. चाळीस माणसं माझ्या कंबरेकडे बघायला लागली, हे मात्र फार अवघड होतं.

महांतप्पांनी कोरा तक्ता उचलला, पायरीवर बसले आणि पेनाचं टोपण काढलं. "साऱ्या गावाच्या कंबरा मोजल्या. तुमचा एकटीचाच फॉर्म न्हाई. नाव लिहिलं. वय?"

"चव्वेचाळीस."

"किती वर्षं दुखतं?"

"तीन."

"दहातलं किती?"

"सात. कधी आठ."

"बारा लिवा," गुंडप्पा रांगेतून म्हणाले.

"आणखी काही लक्षण?"

"डाव्या पायाचा अंगठा बधिर आहे. चार महिन्यांपासून."

गाळणी खाली ठेवल्याचा आवाज आला. "चार म्हयनं?" अव्वा म्हणाल्या. "मला का सांगितलं न्हाईस?"

"आलेखात आहे, अव्वा. भिंतीवरच लावलाय."

"मला आलेख वाचता येतो व्हय गं? मी म्हटलं शाळेचं काय तरी असंल. त्याच्यावर झाकण म्हणून कॅलेंडर अडकवलं मी." त्या पायरीशी आल्या आणि गुंडप्पांसमोर उभ्या राहिल्या. "तुमाला सुई दिली न्हवं? पायात जीव हाय का?"

गुंडप्पांनी चप्पल काढली, अंगठा हलवून दाखवला. अव्वांनी तो चिमटीत धरून नीट दाबून पाहिला. गुंडप्पा कळवळले. अव्वांचं समाधान झालं. "लिवा पुढं," त्या महांतप्पांना म्हणाल्या.

"इंजेक्शन घेतलं का? न घेतल्यास कारण."

हा प्रश्न मीच लिहिला होता. चांगला प्रश्न आहे. "पुरेशी माहिती नव्हती," मी म्हणाले.

"आता हाय?"

"आहे. चौघांपैकी तिघांना आराम. चौथ्याचं काही बिघडलं नाही."

"मग ते कारण बसत न्हाई. दुसरं सांगा."

मी विचार केला. शाळेला सुट्टी मिळत नाही, हे खरं नव्हतं. अव्वा नको म्हणतात, हेही आता खरं राहिलं नव्हतं. उमाशंकर चौकट सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"भीती वाटते," मी म्हणाले.

महांतप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी ते ठळक अक्षरात लिहिलं, जसं वडिलांचं नाव लिहावं तसं.

"मला बी वाटली हुती," गुंडप्पा म्हणाले. "पर तुमच्या फॉर्मात त्याला रकानाच न्हवता."

रकाना नव्हता, हे खरं. मी ते मनात नोंदवून घेतलं.

"शेवटचा प्रश्न," महांतप्पा म्हणाले. "इंजेक्शन घेणार का? हो, नाही, सांगता येत नाही." त्यांनी पट्टी धरून तिसरा पर्याय खोडला. "उमाशंकर, तुमचं काय?"

"ती म्हणंल तसं," उमाशंकर म्हणाले.

सगळ्या अंगणानं माझ्याकडे पाहिलं. महांतप्पांनी पेन कागदावर टेकवून धरलं होतं आणि टेकलेल्या जागी शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

"हो," मी म्हणाले. "उद्या. सोलापूरला जाऊन मी इंजेक्शन घेणार आहे."