गुंडाप्पांचा क्लॅरोनेट

भर मे महिन्यात, निलंग्याच्या चौकात, गुंडाप्पांनी चक्क नवरदेवाला गाडीतून खाली उतरवलं. मी वऱ्हाडात होतो म्हणून सांगतो. ऐकीव असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. नवरदेव फेटा सांभाळत उन्हात उभा आणि आत एसीच्या गारव्यात, मागच्या सीटवर, गुंडाप्पांचा क्लॅरोनेट पहुडलेला.

"उन्हानं तापलाय, सूर चढलाय," ते मुलाच्या बापाला शांतपणे म्हणाले. "गार होऊ द्या. नवरदेव कुठं पळून चाललाय?"

गुंडाप्पा माझे शेजारी, बँडमध्ये वाजवतात. सूर बिनसला की त्यांना घास गिळत नाही. थंडीत सूर उतरतो म्हणून वाद्याला गोधडीत घेऊन बसतात. सूर चढवायला वरचा जोड जरासा आत दाबायचा, फुंकायचं, उतरवायला पुन्हा बाहेर ओढायचा, आणि शेवटी म्हणायचं, "केसभर फरक हाय." आमच्या कुकरची शिट्टीही यातून सुटलेली नाही. त्यांच्या बायकोची, सुलोचनावहिनींची, तर बातच सोडा. भाकरी थापताना गुणगुणल्या की लगेच, "केसभर उतरलीस." शेवटी त्या बाईनं गुणगुणणंच सोडलं. मला या माणसाचा भयंकर राग यायचा.

गेल्या वर्षी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, गुणगुणायला लावा, त्यातूनच शब्द फुटले तर फुटतील. पण वहिनी तोंडच उघडेनात.

परवा संध्याकाळी अर्धापूरची केळी द्यायला गेलो आणि दारातच थिजलो. आतून क्लॅरोनेट बेसूर वाजत होता. माझ्यासारख्या, सुरातलं काही न कळणाऱ्या शाळामास्तरालाही कळावं इतका. आणि वाजवत होते खुद्द गुंडाप्पा! जोड एवढा बाहेर ओढलेला की त्यावर गुंडाळलेला दोरा दिसत होता. समोर खाटेवर वहिनी डोळे मिटून खोल, घोगऱ्या आवाजात गुणगुणत होत्या.

"आप्पा, हे काय करून ठेवलंत?"

"हळू बोला मास्तर. आज पहिल्यांदाच गायला लागलीय," ते कुजबुजले. "तिला वर यायला जमंना. मग म्याच खाली आलो."

तेवढ्यात वहिनींचा आवाज आणखी घसरला. गुंडाप्पांनी जोड अजून थोडा ओढला, फुंकून पाहिलं.

"बरोबर हाय, सुलू," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या शेजारात हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.