दीडपट वेगाचे नाना

कानात घातलेल्या पुस्तकाशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे धुळ्याच्या आमच्या कार्यालयातले नाना. चाळीसगावहून येताना एसटीत सुरू झालेलं भांडण थेट आवक-जावकच्या टेबलापर्यंत चालायचं. "हाऊ बाबा कधी टेबलवर बसेल नही," म्हणजे पुस्तकातला हा गृहस्थ कधी टेबलावर बसलेलाच नाही, हा त्यांचा ठरलेला निकाल.

पुस्तक होतं कार्यालयात कामाचा उरक कसा वाढवावा, यावर. वाचायचं नव्हे, ऐकायचं; कुणीतरी त्यांच्या फोनवर घालून दिलेलं. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला उरक वाढवून करायचंय काय, हे विचारायची माझी छाती नव्हती. कारण माझी नोकरीच नानांच्या जिवावर चालली होती.

मी साताऱ्याची, पहिलीच नेमणूक. समोरचा माणूस अहिराणीत बोलायचा आणि मी नुसती मान हलवायची. रुजू झाले त्याच आठवड्यात एक आबा म्हणाले, "ताई, मन्ही आंडेरना दाखला जोयजे." मी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की अंड्यांचं काम इथे होत नाही, पशुसंवर्धनकडे जा. आंडेर म्हणजे मुलगी. कार्यालय दोन दिवस हसत होतं. एकटे नाना हसले नाहीत. खुर्ची उचलून त्यांनी माझ्या टेबलाशेजारी आणली आणि माझे दुभाषे झाले. तरी बदलीचा अर्ज मी लिहून खणात ठेवलाच होता.

सुरुवातीला पुस्तकावर नाना बेहद्द खूश होते. "काय बोलस तो. दम घेत नाही. कामाचा माणूस असा पाहिजे." मग तेही तसेच बोलू लागले. आधीच अहिराणी, त्यात धावती. शेवटी मी त्यांचा फोन हातात घेतला, तर आवाज दीडपट वेगावर. तो साधा केल्यावर नानांचा चेहराच उतरला. "हाऊ ते आपलासारखाच शे," म्हणाले. त्या दिवसापासून भांडणं सुरू झाली.

पुस्तक म्हणे, कामाच्या वेळी गप्पा नकोत. नाना म्हणत, "सातपुड्यातून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला पाऊसपाणी विचारायचं नाही? मग तो पिशवीतून कागद काढील कसा?" पुस्तक म्हणे, सकाळी कामांची यादी करा. नानांनी केली. ती शोधण्यात त्यांची दुपार गेली.

मग एका सोमवारी नानांनी खुर्ची उचलली आणि परत आपल्या जागी नेली. पुस्तकात आलं होतं, दुसऱ्याचं काम अंगावर घेऊ नका. मला फार लागलं ते. "काय व्हयनं?" म्हणजे काय झालं, एवढ्या एका वाक्यावर मी दिवसभर खिंड लढवायची. जेवणाच्या सुट्टीतही नाना दिसेनात. रेकॉर्ड रूममध्ये एकटेच पुटपुटत बसायचे. पुस्तकानं म्हाताऱ्याला पार बिघडवलं, असं सगळे म्हणू लागले. मीही खणातला अर्ज काढून त्यावर तारीख घातली.

नानांच्या निरोपाच्या दिवशीच मी तो साहेबांना देणार होते. तेवढ्यात नाना टेबलाशी आले. "ताई, फोन काढा," म्हणाले आणि आपल्या फोनवरून मला काहीतरी पाठवलं. "त्या बाबाची एकच गोष्ट पटली मला. म्हणे, तुम्ही उठल्यावर काम अडत असेल, तर तुम्ही ते केलं नाही, अडवून धरलं. तुमचं मी अडवून धरलं होतं."

मी ऐकलं. नानांचाच आवाज, रेकॉर्ड रूममधला. "आंडेर म्हणजे मुलगी. आंडोर म्हणजे मुलगा. बठ्ठं म्हणजे सगळं. माणसाचं बठ्ठं सांगून होईपर्यंत थांबायचं, ताई. मधीच कागद मागायचा नाही." चिडलेल्या भाऊशी काय बोलावं, रडणाऱ्या अक्काला काय म्हणावं, सगळं होतं त्यात. अगदी शेवटी म्हणाले होते, "जास्तच लांबनं. घरमा बोलाले कोनी नही ना."

अर्ज मी तिथेच फाडला. आज मी इथे टिकले आहे, ती नानांमुळे. आता साताऱ्याला फोन केला तरी तोंडातून 'आहे'च्या जागी 'शे' निसटतं आणि आई हसते.

दर रविवारी मी चाळीसगावला फोन लावते. "काय व्हयनं, नाना?" एवढंच विचारते, आणि त्यांचं बठ्ठं सांगून होईपर्यंत थांबते.