मटणाचं झबलं

रोह्याला आमच्या शेजारची शालू मटणाला झबलं घालायची. शब्द तिचाच. "उघडं कढईत टाकायचं नाय गो वैनी, गारठतं बिचारं." तापल्या कढईत कोण गारठतं, हे शालूला विचारायची सोय नव्हती.

तिचा भाऊ मुंबईत चायनीज हॉटेलात आचारी. त्याच्याकडून शिकून आलेली. मटणाचे पातळ काप, चिमूटभर खायचा सोडा, वरून अंड्यातलं पांढरं आणि कॉर्नफ्लॉवर. हे झबलं. मग "झोपा आता जरा" असं कापांना सांगून ती भांडं झाकायची. नंतर गरम तेलातून नुसते फिरवून काढायचे आणि मसाल्यात परतायचे.

दर रविवारी तिची वाटी आमच्याकडे यायची. माझ्या मटणाला 'बरंय'च्या पुढे कधी न गेलेले आमचे हे डोळे मिटून खायचे. "चावायलाच लागत नाय," म्हणायचे. ते मिटलेले डोळे मला बघवत नसत.

मी तेव्हा तरणीताठी, अक्कल बेताची. सोड्याचं काय कौतुक, म्हटलं. मी पेणची, पापड लाटत वाढलेली. घरात पापडखाराचा डबा भरलेला. एका रविवारी सकाळीच मूठभर पापडखार मटणाला चोळून ठेवला. दुपारी ताटात मटणाची खळ आली, साबणाच्या चवीची. ह्यांनी एक घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "आज कपडे धुवायचेत काय?"

मी तशीच उठले. शालूची वाटी एरवी लेकीच्या हाती जायची, रिकामी. आज मीच घेऊन निघाले, पुन्हा पाठवू नकोस म्हणून सांगायला.

तिचा नवरा धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आत घोरत होता. शालू एकटीच जेवत होती. मला बघून हात धुऊन उठली, चहाचं आधण ठेवलं.

"वाटी द्यायला कोनतरी येल, दोन शब्द बोलंल, असं वाटायचं गो. तुझी पोरगी उंबऱ्यावर ठेवून पळते."

सांगायचं ते राहूनच गेलं. पुढच्या रविवारी वाटी परत द्यायला मीच गेले, पोह्याचे पापड घालून.

आता माझे दात गेलेत. शालूची वाटी अजून येते. पण परवा समोरच्या नव्या बिऱ्हाडातही गेली, झबल्यासकट. त्यांची सून स्वतः परत द्यायला आली आणि बसली की तासभर. मी खिडकीतून पाहत होते.

मी निरोप धाडला, मटण खारट झालंय.

झालं नव्हतं. शालू तशीच धावत आली, आणि दिवेलागण होईपर्यंत माझ्याकडेच बसली.