तहानलेली तंबाखू

वाकळे मॅडमच्या अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्याला आधी गप्प उभं राहावं लागे. बाहेर मे महिन्याचं संभाजीनगर, डांबर पायाला चिकटतंय, आपण रुमालानं मान पुसत आत येतो आणि काळोखातून आवाज येतो, "बोलायचं नाय. डोळ्याला आधी ऊन विसरू द्या." मग दार बंद. प्राचार्य असोत की शिपाई, नियम एकच. आमच्या कॉलेजचे अकाउंटंट एकदा सहीसाठी गेले, ते भिंतीला टेकून तिथंच झोपले. उठवल्यावर म्हणाले, "लई दिवसांनी अशी झोप लागली." पुढं ते वाटेल त्या कागदावर मॅडमची सही लागते म्हणून येऊ लागले.

डोळे निवले की मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बोलवत. खाली पानाचा एवढासा तुकडा, त्यावर निळा प्रकाश, आणि त्यातून हळूहळू उमटणारा हिरवा उजेड. त्या उजेडात पाहता पाहता आपण कॉलेजात आहोत, पुढचा तास आपला आहे, हे सगळं लांब जाई. मीही वनस्पतिशास्त्रच शिकवतो, पण जुन्या वळणाचं. पाकळ्या मोजा, आकृती काढा, नावं द्या. मॅडमचं शास्त्र मला आधी करणीचा प्रकार वाटे. त्यांनी ते मला चहाच्या टेबलावर समजावलं.

"सर, पेशीत प्रथिनं हजारो. दिसत एकबी नाय. त्यातलं आपलं एक हुडकायचं कसं? तर त्याच्या जनुकाला दुसरं जनुक जोडायचं, समुद्रातल्या जेलीफिशचं, चमकणारं. मग प्रथिन तयार होतानाच अंगावर दिवा घेऊन येतं. जाऊ द्या कुठं जायचंय ते. आपल्याला दिसतंय."

"आणि हे झाडात घालायचं कसं?"

"एक जिवाणू असतो, त्याच्या पाठीवर बसवून. सुई काढलेली सिरिंज पानाच्या मागच्या अंगाला टेकवायची आन् हळू दाबायची. लई हळू. पान दुखायला नाय पाहिजे."

जेलीफिशबद्दल इतक्या आपुलकीनं बोलणाऱ्या या पाचोडच्या बाईनं समुद्र मात्र पाहिला नव्हता. सहलीचा विषय निघाला की म्हणत, "मी गेले तर झाडांकडं कोण बघणार?"

अंधाऱ्या खोलीला लागूनच्या उजेडाच्या खोलीत वाढणारी ही झाडं म्हणजे तंबाखूचं एक रानटी भावंड. जगभर असले प्रयोग याच झाडावर करतात, पण ते पाचोडला कोण सांगणार? 'आपली मंदा शहरात तंबाखू पिकवती' अशी बातमी भावकीत पसरली होती. एक चुलते बाजार उरकून थेट कॉलेजात आले आणि चिमूटभर तरी दे म्हणून हटून बसले. मॅडमनी त्यांना चहा पाजला, पान दिलं नाही. बाहेरचं जनुक घातलेल्या झाडाचं पानही या खोल्यांबाहेर नेता येत नाही. काम झालं की झाड, माती, बी, सगळं वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून शिजवून मारायचं, असा कायदा आहे. मॅडम तो देवाच्या सोवळ्यासारखा पाळत. निघताना चपलांचे तळवेसुद्धा झटकत.

कोण कुठं आहे हे कळल्याशिवाय मात्र त्यांना चैन पडत नसे, मग ते प्रथिन असो की माणूस. मी परीक्षेच्या कामाला कन्नडला गेलो की परतीच्या बसमध्ये फोन ठरलेला. "कुठवर आलात? वेरूळ गेलं का?" थोड्या वेळानं पुन्हा, "आता दौलताबाद आलं असंल." माझ्या बायकोनं ही चौकशी कधीच सोडून दिली होती. "त्या विचारतायत ना, मग झालं," असं म्हणून ती निवांत मालिका बघे. मॅडम सिडकोत एकट्या राहत. त्या घरी पोचल्या का, हे विचारायचं आम्हा कुणाच्या डोक्यात येत नसे.

त्यांचा सगळा जीव ज्वारीच्या एका प्रथिनात अडकला होता. पाणी तुटल्यावर ज्वारी तग धरते, त्यात या प्रथिनाचा हात असावा असा त्यांचा अंदाज. ते पेशीत नेमकं कुठं जाऊन बसतं, एवढं बघायचं होतं. पहिली काही वर्षं दिसलं ते नुसतं हिरवं धुकं. प्रथिन पेशीभर भटकत होतं. एके दिवशी चहा तसाच ठेवून मॅडम म्हणाल्या, "सर, दिवा पुढच्या टोकाला जोडला हो मी. त्याचा पत्ता तिथंच असतो, कुठं जायचं तो. लेकराच्या तोंडावर टोपलं घातलं आन् म्हणलं, जा शाळेत!" आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण त्यानंतर बरेच दिवस त्यांनी कुणाला फोन केला नाही.

मग दिवा शेपटीकडे गेला, आणि जनुक चालू करायला बाहेरच्या कळीऐवजी ज्वारीतली त्याची स्वतःची कळ लावली. तर आता भिंगाखाली अंधारच. शेवटी उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही आणि झाडांनी माना टाकल्या, तेव्हा उजेड पडला. हे जनुक तहानेशिवाय जागंच होत नव्हतं. त्या दिवशी मॅडम व्हरांड्यातून अक्षरशः धावत आल्या आणि माझा चालू तास मोडून मला ओढत घेऊन गेल्या. पेशीच्या कडेकडेनं बारीक हिरवी रेघ, घराच्या उंबऱ्याशी पणत्या मांडाव्यात तशी. आम्ही दोघं किती वेळ बघत होतो कोण जाणे. "पोचलं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर तशाच पानाच्या तुकड्यांतून अख्खी रोपं उगवून, बियांपासून बिया धरत त्यांनी ती वाढवत नेली, कायम अर्धपोटी ठेवून. पाणी चमच्यानं. नव्या शिपायानं एकदा दया येऊन मगभर ओतलं, तर मॅडम त्याच्यावर अशा कडाडल्या की तो तडक बदलीचा अर्ज लिहायला बसला.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांची एकच धडपड सुरू झाली, ही रोपं कुणीतरी सांभाळावीत. अशी झाडं ठेवायची परवानगी त्यांच्या नावाची. त्या जागी येणाऱ्या माणसाचा विषय वेगळा. खोलीत संगणक बसायचे होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेला बी घेता का विचारलं, तर आमच्याकडे अशी पुष्कळ आहेत, असं उत्तर आलं. "असतील," मॅडम म्हणाल्या, "पण ही नसतील ना."

निरोपसमारंभ दुपारी उरकला. शाल, नारळ, माझं लांबलेलं भाषण. नंतर मॅडम दिसेनात, म्हणून मी वर झाडांच्या खोलीकडे गेलो. दार उघडंच होतं. खांद्यावरची नवी शाल सावरत त्या एकेका कुंडीत पाणी घालत होत्या. चमच्यानं नव्हे, भरल्या मगानं. माती फसफसत होती, कुंड्यांच्या बुडातून पाणी फरशीवर पसरत होतं.

"मॅडम, आता तर कुकरमध्येच..."

"व्हय. आज समदी जायचीत." त्यांनी वळून पाहिलं नाही. "पण सर, यांच्या आज्याला, पणज्यालाबी मी कधी पोटभर पाणी दिलं नाय. तहान लागल्याबिगर दिवा लागत नव्हता. मी त्यांची तहानच बघत बसले की हो इतकी वर्षं."

मी उगाच विचारलं, "शेवटचं एकदा बघायचं का सूक्ष्मदर्शकातून? मी पान कापून देतो."

"नगं," त्या म्हणाल्या. "पिऊ द्या त्यांना."

मग त्यांनी स्टूल ओढलं, मला खुर्ची दिली, आणि आम्ही नुसते बसून राहिलो. खाली पाहुण्यांच्या स्कूटर एकेक करून निघून गेल्या. कुणीतरी खालून मॅडमना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. उन्हं कलली तशी लोंबणारी पानं हळूहळू वर येऊ लागली, आधी वरची, मग खालची. अगदी कोपऱ्यातलं शेवटचं रोप ताठ होईपर्यंत मॅडम हलल्या नाहीत. मग त्या उठल्या आणि त्यांनी कुकरचं झाकण उघडलं.